बंदूक जमा करण्याआधी माणूस पाहा

प्रति,
कोकणातल्या जिल्ह्यांचे जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक,
राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक,
गृह आणि वन खात्यांचे मंत्री, आणि आमचे आमदार

महोदय,

माझ्या घरात एक ठासणीची बंदूक आहे. सासऱ्यांनी घेतलेली, मग नवऱ्याच्या नावावर आलेली आणि ते गेल्यावर वारसाने माझ्या परवान्यावर चढलेली. सह्याद्रीच्या पायथ्याला आमचं गाव आहे. घरामागे सुपारी-केळीची बाग, खाली मळ्यात भात, वर भरडीवर काजू. परवान्यावर कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे, शेतीसंरक्षण. तो शब्द तुमच्याच कार्यालयात लिहिला गेला. त्याच शब्दाबद्दल हे पत्र आहे.

१६ मार्च २०२४ रोजी लोकसभेची आचारसंहिता लागली आणि चार-पाच दिवसांत पोलीस पाटलांकडून निरोप आला की गावातल्या सगळ्या परवानाधारकांनी बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन जमा कराव्यात. का, ते त्यात नव्हतं. कुणावर गुन्हा आहे, कुणावर नाही, याची विचारपूसही झाली नव्हती. मी रिक्षा केली, बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि तालुक्याच्या गावी गेले. तिथल्या हवालदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बंदूक कोणाची? ते कुठे आहेत?" माझीच आहे, असं सांगितल्यावर त्यांनी परवान्यावरचा फोटो दोनदा पाहिला. पावती मिळाली. त्या दिवशी काजू गोळा करायला लावलेल्या दोन बायांची मजुरी मी दिली, पण त्यांच्यासोबत बागेत नव्हते.

निकाल ४ जूनला लागला. आचारसंहिता लागल्यापासून ८० दिवस होतात. आमच्याकडे या ८० दिवसांत काजूचा जवळजवळ सगळा हंगाम येतो, आंबा येतो, आणि उन्हाने रान कोरडं पडल्यामुळे जनावरं पाण्यासाठी बागेत उतरतात. माकडं कोवळा काजू बोंडासकट ओरबाडून टाकतात. डुकरं केळीचे कोंब मुळासकट उकरतात. गवे आले तर ठिबकच्या नळ्यांचीसुद्धा वाट लागते. मग विधानसभेची निवडणूक आली आणि बंदुका पुन्हा ठाण्यात गेल्या. १५ ऑक्टोबरला घोषणा, २३ नोव्हेंबरला निकाल. कोकणात भात कापतात कधी, हे मी तुम्हाला सांगायला नको. हळवं भात खळ्यावर आलेलं असतं, गरवं पिवळं होऊन उभं असतं, आणि रानडुकराला पिकलेल्या लोंबीचा वास लांबून लागतो. त्या वर्षी दोन कुणग्यांचा एका रात्रीत चिखल झाला. सकाळी बांधावर उभी राहिले तेव्हा कापायला काही उरलं नव्हतं. गुरांच्या वैरणीपुरतंसुद्धा नाही.

बंदूक असती तर काय झालं असतं, असं कुणी विचारील. तर सांगते. आमच्याकडे बंदूक मुख्यतः आवाजासाठी असते. राखणीच्या खोपीत बसायचं, डुकरं बांधाखाली खसपसली की हवेत एक बार काढायचा. कळप दूर पळतो आणि दोन-तीन रात्री त्या बाजूला फिरकत नाही. डबे वाजवून, फटाके लावून, जुन्या साड्यांचं कुंपण करून आम्ही सगळं पाहिलं आहे. या सगळ्याला जनावर आठवडाभरात सरावतं. ठासणीच्या बाराला मात्र ते अजून सरावलेलं नाही.

ही बंदूक ज्यांनी कधी हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचं, छर्रे हवे असतील तर ते घालून पुन्हा बोळा ठासायचा, मग केप बसवायची आणि घोडा मागे ओढायचा. एक बार उडाला की दुसरा भरायला दोन-तीन मिनिटं जातात. पावसाळी हवेत दारू सर्दावली तर नुसता केपेचा टिचका ऐकू येतो. मतदान केंद्र ताब्यात घ्यायला हे हत्यार कोण घेऊन जाईल? तरीही, या बंदुकीने माणूस मरतो हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यावर पुढे लिहिते, कारण ते टाळून हे पत्र लिहिणं अप्रामाणिकपणा होईल.

आधी कायद्याबद्दल. आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, आणि तो असावा असं मी मागत नाही. व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ साली, जो शस्त्र कायदा आला त्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र ठेवायची बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळं ठेवलं. त्याची चीड स्वातंत्र्याच्या चळवळीत शेवटपर्यंत होती. म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये एच. व्ही. कामत यांनी संविधान सभेत हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. परक्या सरकारने लोकांना निःशस्त्र केलं होतं तेव्हा त्या मागणीला अर्थ होता, आता परिस्थिती बदलली आहे, आणि असा हक्क सरसकट दिला तर ज्यांच्या हातात शस्त्र जाऊ नये तेही तो मागतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मला ते पटतं. अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांच्या बातम्या आम्हीही वाचतो. तसलं स्वातंत्र्य आमच्या वाडीत कुणालाच नको आहे.

पण सरसकट हक्क नाकारला याचा अर्थ काय होतो, ते पाहा. हक्क नाही म्हणजे प्रत्येक माणसाबद्दल कुणीतरी निर्णय घ्यायचा आहे. अर्ज वाचायचा, पोलिसांचा अहवाल मागवायचा, माणूस कसा आहे, त्याची शेती किती, तिथे जनावर येतं का, हे पाहायचं आणि मग हो किंवा नाही म्हणायचं. परवाना म्हणजे एका माणसाबद्दल राज्याने विचारपूर्वक दिलेला शब्द. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये तर स्पष्ट लिहिलं आहे की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना अधिकाऱ्याने तो परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी पडत नाही अशी खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. त्याच अधिनियमात कलम १४ आहे नाकारण्यासाठी आणि कलम १७ आहे परवाना निलंबित वा रद्द करण्यासाठी, आणि तिथेही कारणं लेखी नोंदवायची आहेत. कायदा करणारे शेतकऱ्याला विसरले नव्हते, आणि माणसामाणसांतला फरकही विसरले नव्हते.

मग निवडणूक आली की तो फरक पुसला का जातो? मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली सांगून ठेवलं आहे की सगळ्या परवानाधारकांना एकाच आदेशाने शस्त्रं जमा करायला लावता येणार नाही. प्रत्येकाचा विचार वेगळा व्हायला हवा. निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच धाटणीच्या आहेत. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती बसावी, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, विशेषतः निवडणुकीच्या काळात दंगलीत सापडलेले परवानाधारक कोण ते पाहावं, आणि त्यांच्याकडून शस्त्रं घ्यावीत. बँकांच्या सुरक्षारक्षकांना आणि नेमबाजीच्या खेळाडूंना यातून सूट मिळते, ती मिळायलाच हवी. पण उभं पीक राखणारी बाई त्या सुटीच्या यादीत कुणाला आठवत नाही. आदेशाखाली पूर्वी कलम १४४ असायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ असतं. पोलीस पाटलांकडून येणारा निरोप मात्र शब्दही न बदलता येतो.

वरच्या कार्यालयातून हे कसं दिसत असेल, याचा मी विचार करते. निवडणुकीच्या धामधुमीत हजार कामं असतात. छाननीला बसायचं तर प्रत्येक परवान्याची फाइल काढावी लागते. एखादी बंदूक बाहेर राहिली आणि काही घडलं तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल. शेतातलं भात गेलं तर तुमच्याकडे जबाब मागायला कुणी येत नाही. मी तुमच्या जागी असते तर कदाचित माझाही हात त्या सरसकट आदेशाकडेच गेला असता. पण म्हणूनच तर न्यायालयाने आणि आयोगाने तो हात अडवून ठेवला आहे.

जून २०२४ मध्ये बंदूक परत आणली तेव्हा नळीच्या आत गंज धरला होता आणि दस्त्याला चीर गेली होती. त्या ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या शिपायाचा दोष नव्हता, खोलीच ओली होती, बंदुका भिंतीला टेकवून रास घातल्यासारख्या ठेवल्या होत्या. पावतीवर बंदुकीचा नंबर होता, तिची स्थिती लिहिलेली नव्हती, त्यामुळे दुरुस्तीचं मागायचं कुणाकडे? गंजलेल्या नळीची ठासणी ही आधी चालवणाऱ्याच्याच जिवावर उठते, हे तुमच्या शस्त्रागारातल्या कोणत्याही माणसाला विचारा.

आता जे टाळणार नाही म्हटलं होतं ते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आमच्याकडे शिकारीलाही जाते. रात्री बॅटऱ्या घेऊन चार-पाच जण रानात शिरतात. झुडूप हललं म्हणून बार काढतात आणि पलीकडे आपलाच सोबती असतो. अशा मृत्यूंच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात, आणि दर वेळी गावात दबक्या आवाजात बोललं जातं, उघड कुणी बोलत नाही. दारूच्या नशेत बांधाच्या भांडणात बंदूक बाहेर काढणारेही आहेत. सांबर, भेकर, ससा मारून वाटे करणारे आहेत. या लोकांकडून बंदुका काढून घ्या. निवडणूक असो वा नसो. निवडणुकीपुरत्या जमा करून नंतर त्यांच्याच हातात परत देणं हे तर मला मुळीच समजत नाही. सरसकट आदेशाचं दुसरं नुकसान हेच आहे. ज्याच्याकडून बंदूक कायमची घ्यायला हवी, तो त्या आदेशात आमच्यात मिसळून जातो, आणि निकालानंतर आमच्याबरोबरच रांगेत उभा राहून ती परत नेतो.

आणि परवान्याची बंदूक हातात नसते तेव्हा शेतकरी काय करतो, तेही तुमच्या नोंदींत आहेच. फासकी लावतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो आणि वनखात्याचं पथक येईपर्यंत तडफडत राहतो. कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतो, त्यावर शेजाऱ्याची म्हैस मरते, कधी शेजारीच मरतो. आमच्या पलीकडच्या वाडीत असं घडलं आहे. मेलेला आणि तार लावणारा चुलतभाऊ होते. एक गेला, एक तुरुंगात गेला, आणि दोन्ही घरच्या बायका आता एकमेकींच्या अंगणात पाऊल टाकत नाहीत. कुणी पिठात स्फोटक घालून ठेवतं, त्याने गाईचा जबडा फुटलेला मी पाहिला आहे. कुणी विनापरवाना गावठी बंदूक बनवून घेतो, तिचा नंबर कुठल्याच वहीत नसतो. फासकीला परवाना लागत नाही, तारेला नूतनीकरण नसतं. ज्या बंदुकीचा नंबर, मालक, पत्ता तुमच्याकडे आहे तीच तुम्ही पहिल्यांदा घेता आणि बाकी सगळं रानात तसंच राहतं.

वनखात्याकडे माझं वेगळं मागणं आहे. एका खात्याने पीक राखायला बंदूक दिली, दुसऱ्या खात्याच्या कायद्याने त्या बंदुकीने काय करायचं नाही ते सांगितलं, आणि या दोन कागदांच्या मध्ये शेतकरी उभा आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा. २०२२ ची दुरुस्ती लागू झाल्यावर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. कलम ११ नुसार अशा प्राण्याने उभ्या पिकाचं नुकसान चालवलं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेश काढून त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. कायद्यात ही वाट आहे. पण ज्या रात्री डुकरं येतात ती रात्र आणि परवानगीचा कागद यांची गाठ आमच्याकडे पडत नाही. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. डुक्कर मारायचं ते परवान्याच्या बंदुकीनेच, विष, स्फोटक आणि विजेचा धक्का चालणार नाही, अशी अट घातली. तिथे सगळं सुरळीत चाललं आहे असं मी म्हणत नाही. पण परवानाधारक माणूस हा प्रश्नाचा भाग न मानता उपायाचा भाग मानता येतो, एवढं तरी त्यातून दिसतं.

माकडांचं आणखी अवघड आहे. आमच्याकडचं लालतोंडं माकड त्याच दुरुस्तीनंतर अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे पिकाच्या नुकसानीचं कारण देऊन त्याला मारता येत नाही. मला त्याला मारायचंही नाही. माकडावर नेम धरलेला माणूस मी आमच्या गावात पाहिलेला नाही. पण शहाळी खाली टाकणारा कळप हुसकायला हवेत काढलेला बार म्हणजे शिकार नव्हे, हे तुम्ही एकदा लेखी सांगा. आमच्या गावातल्या एका वृद्ध बागायतदाराला अशाच बारासाठी दोन दिवस चौकशीला खेपा घालाव्या लागल्या. त्यानंतर त्यांनी बाग राखणंच सोडलं. आता त्या बागेत सुपारी खाली पडून कुजते आणि कळप तिथेच मुक्काम करून आमच्याकडे येतो.

या वृद्धांवरून वारसाचा मुद्दा निघतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. हे गावात कुणालाच माहीत नाही. ऐंशीच्या घरातले म्हातारे बंदूक स्वतःच्या नावावर धरून बसले आहेत, डोळ्याला दिसत नाही, हात कापतो. मुलगा गोव्यात कंपनीत जातो, शनिवारी रात्री येऊन राखण करतो आणि बापाच्या परवान्यावरची बंदूक चालवतो. ते बेकायदा आहे. त्या मुलाने आपलं भात वाचवताना कायदा मोडावा, असं तुम्हालाही वाटत नसणार. तलाठी आणि पोलीस पाटील यांना घेऊन गावोगाव एक-एक दिवस बसा, अर्ज तिथेच भरून घ्या. आम्ही चहापाणी करू, माणसं गोळा करू.

आम्ही आजूबाजूच्या सहा गावांतले परवानाधारक गेल्या पावसाळ्यापासून दर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात बसतो. संघटनेला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, कोणत्याही पक्षाचा माणूस आम्ही पुढे बसवलेला नाही. पहिल्या बैठकीला नुसता आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं मतदानावर बहिष्कार घालू. कुणी म्हणालं बंदुका जमाच करायच्या नाहीत, काय करतात ते बघू. मी दोन्हीच्या विरोधात बोलले. मतदान करणार नाही म्हटलं तर ज्या एका दिवशी आम्हाला विचारलं जातं तो दिवसही जाईल. आणि आदेश मोडला तर आम्ही गुन्हेगार ठरू, मग छाननीत आमचं नाव आपोआपच वर येईल. त्याऐवजी तुमचं काम सोपं करायचं ठरलं.

म्हणून या पत्रासोबत एक यादी जोडली आहे. सहा गावांतला प्रत्येक शेतीसंरक्षण परवाना, त्याचा क्रमांक, नूतनीकरणाची तारीख, शेतीचा सातबारा, बंदुकीचा प्रकार, आणि शेवटच्या रकान्यात कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा आहे की नाही. माहिती ज्याने त्याने स्वतः दिली, बाकीच्यांनी तपासली. तुमच्या छाननी समितीने ती पुन्हा तपासावी. आचारसंहिता लागल्यावर नको, आताच, हातात वेळ असताना. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांना बोलवा, कारण सांगा, लेखी द्या. बाकीच्यांना निवडणुकीच्या काळात बंदूक गावाबाहेर न नेण्याचं हमीपत्र लिहून द्यायला सांगा. आम्ही सगळे ते देऊ. ज्यांची बंदूक जमा कराल त्यांच्या पावतीवर तिची स्थिती लिहा, आणि निकालानंतर ती कोणत्या दिवशी मिळेल तेही.

त्या यादीत दोन नावांपुढे आम्ही स्वतःच लिहिलं आहे की यांच्याकडे बंदूक राहू नये. एकाने गेल्या वर्षी भांडणात बंदूक उगारली होती, तक्रार कुणी केली नव्हती. दुसरा दारू पितो आणि रात्री एकटाच रानात जातो. दुसरा माझा दीर आहे. त्याला समोर बसवूनच ते लिहिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने स्वतःच सही केली.

आपली,
एक शेतीसंरक्षण परवानाधारक शेतकरीण